कायोवा योद्ध्यांचे जुने फोटो नीट कसे पाहायचे

कायोवा या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा पुढारी सटांटा बसलेला आहे, हातात धनुष्य आणि बाण. फोटो १८७० च्या आसपासचा, विल्यम सोल नावाच्या फोटोग्राफरनं काढलेला, आणि आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेला. इंटरनेटवर 'रेड इंडियन योद्धा' असं काही शोधलं की हा फोटो किंवा त्याच्या कुळातला दुसरा एखादा हमखास समोर येतो. काय रुबाब आहे, असं म्हणून आपण पुढे सरकतो.

फोटोतल्या माणसाबरोबर जरा त्या खोलीचाही विचार करा. सोलचं बस्तान फोर्ट सिल या लष्करी ठाण्यात होतं. आसपास घोडदळाच्या तुकड्या, कोठारं, गार्डहाउस. सटांटाचं याच सैन्याशी वाकडं होतं. १८६८ च्या डिसेंबरात त्याला पकडून दोनेक महिने डांबूनही ठेवलं होतं. आणि इथे तो शत्रूच्या ठाण्यात, शत्रूच्या फोटोग्राफरसमोर शस्त्र हातात घेऊन बसलाय. बरं, तोवर कायोवांकडे बंदुका आणि रिव्हॉल्व्हरही होती. मग फोटोत धनुष्यच का?

असे प्रश्न विचारायला लागलं की हे फोटो एकदम वेगळे दिसू लागतात.

कायोवा ही दक्षिणेकडच्या मैदानी प्रदेशातली जमात. आजचे ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस या राज्यांत पसरलेल्या गवताळ पट्ट्यात घोड्यावरून फिरणारी, बायसनच्या शिकारीवर जगणारी. लोकसंख्या फार नव्हे, हजार-बाराशे. दबदबा मात्र संख्येच्या कितीतरी पट. टेक्सासच्या वस्त्यांवर त्यांचे छापे पडत, घोडे पळवले जात, माणसं मारली जात, बायका-मुलं पकडून नेली जात. १८६७ च्या ऑक्टोबरात मेडिसिन लॉज इथे तह झाला आणि कायोवा, कोमांचे, प्लेन्स अपाची यांना मिळून आजच्या ओक्लाहोमाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राखीव भूभाग ठरवून दिला गेला. त्यावर नजर ठेवायला १८६९ मध्ये फोर्ट सिल उभं राहिलं. म्हणजे सोलचे फोटो ना युद्धातले, ना शांततेतले. जमात राखीव भागात अर्धीमुर्धी आलेली, बायसन अजून संपलेले नाहीत आणि कोण कुणाला वाकवणार हे अजून ठरायचंय, अशा मधल्या काळातले ते फोटो आहेत.

सोल मूळचा मेन राज्यातला. यादवी युद्धात लढला, १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईत जखमी झाला, पुढे फोटोच्या धंद्यात शिरला आणि १८६७ मध्ये पश्चिमेला आला. आधी कॅन्ससमधलं फोर्ट डॉज, मग कॅम्प सप्लाय, मग फोर्ट सिल. १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो तिथे होता, नंतर बोस्टनला परतला. मोठा कलावंत म्हणून त्याचं नाव घेतलं जात नाही. पण कायोवांचे एकोणिसाव्या शतकातले जे चेहरे आपल्याला माहीत आहेत, त्यांतले बरेचसे त्याच्यामुळे.

आता तंत्र. इथे थोडं रेंगाळावंच लागेल, कारण निम्मे गैरसमज इथूनच निघतात.

तेव्हा ओल्या कोलोडियनची पद्धत चालायची. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ती १८५१ मध्ये जाहीर केली. कोलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, आम्लप्रक्रिया केलेला कापूस. दिसायला पातळ पाकासारखा, वासाला उग्र. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळायचे, स्वच्छ काचेवर ओतायचं आणि घावनाचं पीठ तवा फिरवून पसरतात तसं काच तिरपी करत सगळीकडे एकसारखं पसरवायचं. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. तिथे चांदीचा प्रकाशाला संवेदनशील थर तयार होतो. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, पळत अंधाऱ्या खोलीत परतायचं आणि लोहाच्या क्षारानं धुऊन चित्र उमटवायचं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायला हवं. काच वाळली की खेळ संपला.

ओक्लाहोमाचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. ईथर तर क्षणात उडून जातं. धूळ सगळीकडे. रसायनं आणि काचा मैलोन्‌मैल बैलगाडीनं येणार. अशा ठिकाणी एकेक निगेटिव्ह काढणं ही मेहनतीची गोष्ट होती, त्यामुळे सहज टिपलेला क्षण असं यात काही नसतं. कोण बसणार, कसं बसणार, हातात काय धरणार हे काचेवर थर ओतण्याआधीच ठरलेलं असायचं.

त्या काचेची आणखी एक खोड होती: तिला लाल रंग दिसत नसे. कोलोडियनचा थर निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतो. त्यामुळे निळी वस्तू फोटोत फिकट, जवळपास पांढरी येते. लाल, केशरी आणि बराचसा पिवळा काळपट होतो. आकाश कोरं पांढरं. तांबूस-तपकिरी कातडी प्रत्यक्षापेक्षा गडद, आणि तिच्यावरची सुरकुती न् सुरकुती खोल.

आता हे सटांटाला लावून बघा. हा माणूस लाल रंगासाठी प्रसिद्ध होता. लढाईला जाताना अंगाला लाल रंग फासायचा. त्याचा तंबूही लाल रंगवलेला आणि वर लाल पट्ट्या फडकत असायच्या. दुरून पाहणाऱ्याला सटांटा आलाय हे रंगावरूनच कळावं. आणि कॅमेऱ्याला नेमका तोच रंग दिसत नव्हता. अशा फोटोंत चेहऱ्यावर लाल रंगाची रेघ असेल तर ती काळी दिसेल किंवा गडद कातडीत विरून जाईल, आणि निळी रेघ असेल तर फिकटून जाईल. कायोवांच्या चेहऱ्यावरचे, ढालींवरचे, तंबूंवरचे रंग हौसेखातर निवडलेले नसत. त्यातले बरेच स्वप्नात किंवा दृष्टांतात मिळालेले, विशिष्ट माणसाच्या किंवा घराण्याच्या हक्काचे असत. म्हणजे त्या माणसाची ओळख सांगणारा मजकूरच फोटोतून गळालेला आहे.

म्हणूनच सोशल मीडियावर फिरणारे या फोटोंचे 'रंगीत केलेले' अवतार पाहिले की माझं डोकं फिरतं. जो रंग मूळ काचेवर उतरलाच नाही तो संगणक आणणार कुठून? तो अंदाज करतो, आणि अंदाज सिनेमातल्या इंडियनांसारखा निघतो.

दुसरी तक्रार म्हणजे ते कठोर चेहरे. 'इंडियन माणूस कधी हसत नाही' ही समजूत पसरायला या फोटोंचा मोठा हातभार लागला. पण प्रकाश किती सेकंद आत घ्यावा लागे ते पाहा. खोलीत चांगला उजेड असला तरी काही सेकंद तसूभर हलायचं नाही. डोकं डुगडुगू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावायची पद्धत सगळ्याच स्टुडिओंत होती. काही फोटोंत पायांमागे त्या स्टँडचा पाया डोकावतोही. त्याच काळातले अमेरिकन सेनापती, पाद्री, नवविवाहित जोडपी सगळी अशीच दगडासारखी बसलेली दिसतात. त्यांना कुणी 'गूढ, भावनाशून्य वंश' म्हणालं नाही. कायोवांच्या वाट्याला मात्र ते विशेषण आलं आणि चिकटलं.

'फोटोत आत्मा अडकतो म्हणून ते कॅमेऱ्याला घाबरायचे' हीही अशीच एक लाडकी गोष्ट. कायोवा पुढाऱ्यांच्या बाबतीत ती टिकत नाही. लोन वुल्फ, कायोवा भाषेत गुइपागो, हा १८६३ मध्ये मैदानी जमातींच्या शिष्टमंडळाबरोबर वॉशिंग्टनला गेला होता. त्या वेळी व्हाइट हाउसच्या काचगृहात काढलेला समूहफोटो आजही उपलब्ध आहे. पुढे तो सोलसमोर बसला. १८७२ मध्ये पुन्हा वॉशिंग्टनला गेला, तेव्हा अलेक्झांडर गार्डनरनं त्याचा आणि त्याची बायको एट्ला हिचा फोटो घेतला. हा तोच गार्डनर, ज्यानं लिंकनचे गाजलेले फोटो काढले. १८७२ च्या त्या भेटीत लोन वुल्फ सौदा करायला आला होता. सटांटा आणि बिग ट्री नावाचा दुसरा कायोवा पुढारी तेव्हा टेक्सासच्या तुरुंगात होते. त्यांना सोडा, मगच शांततेचं बोलू, अशी त्याची अट होती. वॉशिंग्टनला जाताना सेंट लुइसला त्या दोघांची भेटही सरकारला घडवून आणावी लागली. हे माहीत असलं की गार्डनरच्या फोटोतला माणूस एका छोट्या राष्ट्राचा वकील म्हणून दिसतो.

(१८६३ च्या त्या समूहफोटोत पुढच्या रांगेत यलो वुल्फ नावाचा कायोवा आणि शायान या दुसऱ्या मैदानी जमातीचे तीन पुढारी बसलेत. यलो वुल्फ काही दिवसांतच वॉशिंग्टनमध्ये न्यूमोनियानं गेला. शायानांपैकी दोघे १८६४ मध्ये सैनिकांनी केलेल्या सँड क्रीकच्या कत्तलीत मारले गेले आणि तिसरा त्याच वर्षी, त्याआधी, सैनिकांच्या गोळीनं. दीड-दोन वर्षांत ती अख्खी रांग संपली.)

हे फोटो विकत कोण घेई? पहिलं गिऱ्हाईक ठाण्यातले अधिकारी आणि शिपाई. आपण कुठे नोकरी करतो, कुणाशी गाठ आहे हे घरी दाखवायला फोटो पाठवले जात, अल्बममध्ये लावले जात. काचेवरून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छाप काढायची आणि ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची. छोट्या कार्डाला कार्त द व्हिजिट म्हणत, मोठ्याला कॅबिनेट कार्ड. वर्तमानपत्रांना तेव्हा फोटो थेट छापता येत नव्हता; लाकडावर कोरून त्याचं चित्र करावं लागे. फोर्ट डॉजजवळ मारल्या गेलेल्या एका शिकाऱ्याच्या प्रेताचा सोलनं काढलेला फोटो असाच कोरून १८६९ च्या जानेवारीत हार्पर्स वीकली या साप्ताहिकात आला होता. पूर्वेकडच्या वाचकाला भीतीही हवी होती आणि कुतूहलही. दोन्ही एकाच माणसाकडून मिळत असतील तर फारच उत्तम. धनुष्याच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर इथे आहे: गिऱ्हाइकाच्या मनातला योद्धा बंदूकवाला नव्हता.

उरलेलं अर्धं उत्तर बसणाऱ्याकडे आहे. तिथे मात्र मी 'हे सगळं गोऱ्यांनी रचलेलं नाटक' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. काही स्टुडिओंत कपडे-दागिन्यांचा साठा असे आणि तोच सदरा वेगवेगळ्या जमातींच्या लोकांच्या अंगावर दिसतो, हे खरं. पण फोर्ट सिल कायोवांच्या स्वतःच्या मुलखात होतं. तिथे येणारा पुढारी घरून नटून येऊ शकत होता आणि काय घालायचं याचं त्याला पुरेपूर भान होतं. कपड्यांतून बोलणं सटांटाला छान जमायचं. १८६७ मध्ये अमेरिकन सैन्याच्या जनरल हँकॉकनं त्याला खूश करायला सेनापतीचा कोट भेट दिला. काही आठवड्यांतच तोच कोट घालून त्यानं फोर्ट डॉजचे घोडे पळवून नेले. त्यामुळे कुठल्याही कायोवाच्या अंगावर लष्करी कोट दिसला तर 'बिचारा शरण गेला' असं लगेच ठरवू नये.

केसांकडे मुद्दाम बघा. जुन्या चालीचे कायोवा पुरुष उजव्या बाजूचे केस कानाच्या पाळीइतके आखूड कापत, म्हणजे कानातले दागिने दिसावेत. डावीकडे लांब वेणी सोडायची आणि तिला पाणमांजराच्या कातडीची गुंडाळी. मैदानी जमातींच्या खाणाखुणांच्या भाषेत 'कायोवा' म्हणायचं तर वाकवलेला हात उजव्या कानाशी नेऊन फिरवत, तो या कापलेल्या केसांमुळेच. याचा एक व्यावहारिक उपयोग आहे. काचेची निगेटिव्ह चुकून उलट्या बाजूनं छापली किंवा स्कॅन केली की फोटो आरशातल्यासारखा होतो, आणि असे उलटे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत. फोटोतल्या कायोवाचे आखूड केस आपल्या डाव्या हाताला, म्हणजे त्याच्या उजवीकडे, असायला हवेत. तसे नसतील तर आधी फोटो उलटा आहे का ते तपासावं. सगळ्यांचे केस असे नसत, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता सटँक. त्याचं कायोवा नाव सेट-अंग्या, अर्थ बसलेलं अस्वल. सोलच्या फोटोत हा म्हातारा दिसतो आणि पहिल्यांदा नजर जाते ती त्याच्या विरळ मिशांवर. इंडियनाला मिशा? सिनेमानं ठरवून दिलेल्या चेहऱ्यात हे बसत नाही. हा कोइत्सेंको या मंडळाचा म्होरक्या होता. जमातीतले फक्त दहा सर्वांत शूर पुरुष त्यात असत. म्होरक्या गळ्यात लांब पट्टा घालायचा. लढाईत वेळ आलीच तर त्या पट्ट्याचं टोक भाल्यानं जमिनीत रोवायचं आणि तिथून हलायचं नाही. सोबत्यानं भाला उपटला तरच सुटका. १८७० मध्ये त्याचा मुलगा टेक्सासात मारला गेला. बाप तिकडे जाऊन मुलाच्या अस्थी घेऊन आला आणि पुढे त्या एका वेगळ्या घोड्यावर बांधून बरोबर वागवत राहिला.

१८७१ च्या मे महिन्यात टेक्सासमध्ये वॉरन नावाच्या कंत्राटदाराच्या, धान्य नेणाऱ्या गाड्यांच्या तांड्यावर कायोवांचा छापा पडला. सात गाडीवान मारले गेले. त्यानंतर सटांटानं फोर्ट सिललाच येऊन, हो, मीच नेतृत्व केलं, असं छातीठोकपणे सांगितलं. योगायोगानं अमेरिकन सैन्याचा सरसेनापती जनरल शर्मन तिथे हजर होता. सटांटा, सटँक आणि बिग ट्री यांना अटक झाली. ८ जून रोजी त्यांना बेड्या घालून टेक्सासकडे नेत असताना सटँकनं कोइत्सेंकोंचं मृत्युगीत गायलं, बेड्यांतून हात सोडवले, पहारेकऱ्यावर सुरा चालवला आणि गोळ्या झेलून मेला. सटांटाला फाशीची शिक्षा सुनावली गेली, ती जन्मठेपेवर आली, १८७३ मध्ये तो सुटला, १८७४ मध्ये पुन्हा आत गेला, आणि १८७८ च्या ऑक्टोबरात हंट्सव्हिलच्या तुरुंगाच्या रुग्णालयाच्या खिडकीतून त्यानं स्वतःला खाली झोकून दिलं.

फोटोखालच्या ओळीवर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे. नावं ऐकणारा इंग्रजी कानाचा आणि लिहिणारा घाईतला, म्हणून एकाच माणसाची चार स्पेलिंग. त्याहून मोठी अडचण म्हणजे कायोवांमध्ये नाव दुसऱ्याला देता येतं. लोन वुल्फचा मुलगा टाउ-अँकिया १८७३ च्या डिसेंबरात सैनिकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. पुढे १८७९ मध्ये, मृत्यूपूर्वी, लोन वुल्फनं आपलं नाव मामेदेते या तरुण योद्ध्याला दिलं. म्हणजे 'लोन वुल्फ' हे दोन वेगळे पुरुष आहेत. पहिला १८६३ आणि १८७२ च्या फोटोंतला. दुसरा राखीव जमिनीच्या वाटपाविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला. १९०३ मध्ये तो खटला हरला आणि त्या निकालाचे परिणाम सगळ्याच जमातींना भोगावे लागले. फोटोची तारीख नसेल तर नुसत्या नावावरून कोणता लोन वुल्फ हे सांगता येत नाही.

मृत माणसाचं नाव उच्चारायचं नाही अशीही कायोवांची रीत होती. दुखवट्यात केस कापायचे, गेलेल्याच्या वस्तू नष्ट करायच्या. अशा समाजातल्या मेलेल्या तरुणाचा चेहरा अनोळखी सैनिकाच्या अल्बममध्ये नाव लिहून टिकून राहतो, यावर त्या वेळच्या घरच्यांना काय वाटलं असतं याचा विचार संग्रहालयांनी बऱ्याच उशिरा सुरू केला.

१८७४-७५ मध्ये अमेरिकन सैन्य आणि दक्षिणेकडच्या मैदानी जमाती यांच्यात झालेल्या रेड रिव्हर युद्धानंतर सगळं बदललं. कायोवा, कोमांचे, शायान, अरापाहो अशा सत्तरेक जणांना, लोन वुल्फसकट, फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात तीन वर्षं कैदेत ठेवलं. तिथे त्यांचेही फोटो निघाले आणि पर्यटकांना विकले गेले. पण त्याच कैद्यांनी हिशेबाच्या वह्यांत आणि चित्रवह्यांत पेन्सिल, शाई, रंग घेऊन चित्रं काढली. झोटोम आणि वोहाव हे त्यांतले दोन नामांकित कायोवा. ही काही कोऱ्या पाटीवरची सुरुवात नव्हती. प्रत्येक उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची एकेक खूण चित्रानं नोंदवणाऱ्या दिनदर्शिका कायोवांकडे १८३० च्या दशकापासून होत्या. या चित्रांत लाल लाल असतो, निळा निळा असतो, आणि माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. तो ढालीवरच्या खुणेवरून, घोड्यावरून, पोशाखावरून कळतो. सोलचे फोटो आणि हे कागद शेजारी ठेवून पाहिले की काचेनं गाळलेलं बरंच काही हाती लागतं.

शतक संपेपर्यंत आधीच तयार करून ठेवता येणाऱ्या कोरड्या काचा आल्या, काम सोपं झालं. १८९८ मध्ये ओमाहाच्या प्रदर्शनात भरलेल्या 'इंडियन काँग्रेस' या मूळनिवासी जमातींच्या मेळाव्यात फ्रँक राइनहार्ट आणि त्याचा साहाय्यक अडॉल्फ म्यूर यांनी वेगवेगळ्या जमातींच्या शेकडो लोकांचे फोटो काढले. प्रिंट मऊ आणि देखणे. तोवर छाप्यांची भीती संपली होती, म्हणून आता 'लयाला चाललेला उमदा वंश' विकला जात होता. तीन वर्षांत, १९०१ मध्ये, कायोवांचा राखीव भूभाग गोऱ्या वसाहतवाल्यांना खुला झाला.

वंश काही लयाला गेला नाही. १९०६ मध्ये ओक्लाहोमात माउंटन व्ह्यूजवळ जन्मलेला होरेस पुलॉ हा कायोवा पुढे स्वतः फोटोग्राफर झाला. लग्नं, मिरवणुका, अंत्यविधी, मोटारीपाशी उभी असलेली पोरं असं सगळं त्यानं अनेक दशकं टिपलं. दुसऱ्या महायुद्धात तो फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर हवाई फोटोग्राफी शिकवत होता. तिथला १९४४ च्या सुमाराचा त्याचा एक फोटो मला फार आवडतो. बी-१७ बॉम्बर विमानाच्या पोटात पुलॉ आणि त्याचा कायोवा मित्र गस पामर उभे आहेत. अंगावर लष्करी गणवेश, डोक्यावर पिसांचे भरगच्च टोप, पुलॉच्या हातात मोठा कॅमेरा आणि पामर मशीनगनपाशी. आपल्या प्रिंटांच्या मागे पुलॉ शिक्का मारायचा: 'इंडियनानं काढलेले फोटो', खाली नाव, आणि गावाचं नाव अनादार्को.